चुंबकामागची जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगते, आणि सरळ सांगते.

मी कणांना प्रचंड वेग देणाऱ्या अ‍ॅक्सिलरेटरवर सुरक्षा अधिकारी होते. बोगद्यातल्या यंत्रातून कणांचा झोत सुटतो, तेव्हा आत माणूस असता कामा नये. किरणोत्सर्गानं जीव जाऊ शकतो. म्हणून यंत्र सुरू करण्याआधी एकानं सगळा बोगदा चालत जायचा, कोपरान् कोपरा पाहायचा, तिथवर पाहिल्याची खूण म्हणून जागोजागची बटणं दाबायची, बाहेर येऊन दार बंद करायचं, सही करायची. हे काम माझं. मी ते चोख करते, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची.

त्या सकाळी मी बटणं दाबली, पण मोठ्या चुंबकाच्या मागे वाकून पाहिलं नाही. घाई होती? नाही. बरं नव्हतं? तेही नाही. आत कोणी नसणारच, असं वाटलं — एवढंच.

सुधाकर तिथे होता. आमच्या बुऱ्हाणपूरजवळच्या दापोऱ्याचा तंत्रज्ञ, मला ताई म्हणणारा. पाण्याची गळकी नळी बदलत होता. झोत सुटण्याआधीचा भोंगा वाजला तसा त्यानं धावत जाऊन आणीबाणीची दोरी ओढली. झोत सुटलाच नाही. तो वाचला.

आणि चौकशीत मी काय सांगितलं? — मी सगळं पाहिलं होतं, तो नंतर आत आला असणार. पण दार उघडलं की यंत्र आपोआप अडतं. म्हणजे त्यानं दाराचा स्विच फसवला, असाच अर्थ निघाला. तो निघणार, हे मला बोलतानाच ठाऊक होतं. मी आधीपासून आतच होतो, असं तो सांगत राहिला. कागदावर माझी सही होती. त्याला कामावरून काढलं. तो गावी केळीच्या शेतीत परतला.

इथवर तुम्ही भीती म्हणाल. पुढच्याला काय म्हणाल?

निवृत्तीनंतर मी बुऱ्हाणपुरात आले. गेल्या वर्षी तिथे तापीच्या राजघाटावर तो भेटला, केस पिकलेले. माझ्या घरच्यांची विचारपूस केली. मग म्हणाला, "ताई, एक विचारू? त्या चुंबकाच्या मागं तुम्ही पाहिलं होतं, पक्कं?"

आता नोकरी नव्हती, समिती नव्हती — माझं काहीच जाणार नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "पाहिलं होतं."



"मग मलाच नीट आठवत नसेल," तो म्हणाला. "इतकी वर्षं बायकोला सांगत आलो, मी खरा आहे म्हणून. आज सांगून टाकतो तिला."

मी त्याला थांबवलं नाही.