माझ्या मुलीची आत्या

“बाई, तुमचं नागरिकत्व पुढे जात नाही. वडिलांचं जातं.”

पुण्यातल्या सरकारी कचेरीत परकीयांची नोंद होते, त्या टेबलापुढे मी उभी होते. साहेबांनी मान वर केली नव्हती. चार वर्षांची इरा माझं बोट धरून होती.

“तिचे वडील हयात नाहीत,” मी म्हणाले.

“पण जर्मन होते ना? मग मुलगीही जर्मन. नवरा निवडताना ही चौकशी करायची होती.”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं.

मी जीवरसायनशास्त्र शिकवते. अपत्याच्या प्रत्येक पेशीत आईचा वाटा किती, हे मला पाठ आहे. कायद्याचा हिशेब वेगळा होता. इरा पश्चिम जर्मनीत जन्मली. तिचे वडील गेल्यावर मी तिला घेऊन विश्रांतवाडीला, माहेरी आले. १९५५चा कायदा परदेशात जन्मलेल्या मुलाला देश देतो तो बापाकडून. मुक्कामाची परवानगी संपली, की माझ्या मुलीला भारत सोडावा लागणार होता.

तोडगा साहेबांनीच सुचवला. “भावाला मूलबाळ नाही म्हणता. द्या दत्तक. भारतीय बाप मिळेल, मग बघू.”

“कागदोपत्रीच तर आहे गं,” आई म्हणाली. “पोर राहणार आपल्याच घरात.”

मलाही पटलं. प्रयोग जमत नसेल तर पद्धत बदलावी, असा मी विचार केला आणि ती शिस्त पोटच्या मुलीवर वापरली. कचेरीत मुलीलाही विचारतील, म्हणून जेवताना शिकवलं: मामा म्हणजे बाबा. मामी म्हणजे आई. मी म्हणजे आत्या. चुकली की पुढचा घास थांबायचा.

दादाला घेऊन पुन्हा कचेरीत गेलो. साहेबांनी विचारलं, “बाळ, ही कोण?”

इराने माझ्याकडे पाहिलं. मग स्पष्ट म्हणाली, “आत्या.”

“हुशार आहे हो!”

ती माझ्याकडे बघून हसत होती. शाबासकीची वाट बघत.

“ते खोटं आहे,” मी म्हणाले. “मीच शिकवलंय. मी तिची आई आहे. दत्तक होणार नाही.”

“अगं, काय करतेस?” दादाने माझा दंड धरला.

“मग मुलीच्या नागरिकत्वाचा अर्ज नामंजूर होईल, बाई.”

“होऊ द्या. कारण लेखी द्या. आई भारतीय आहे, तरी पुरेशी नाही, असं लिहा आणि खाली सही करा.”

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. लिहिलं मात्र काही नाही.

वहिनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. तिला ‘आई’ या हाकेची सवय लागली होती. तिचीही मी अपराधी आहे. आणि इरा अजून मला हाक मारण्याआधी क्षणभर थांबते. कोणता शब्द बरोबर, ते माझ्या चेहऱ्यावर शोधते. हे कायद्याने केलेलं नाही. मी केलं.

नवा अर्ज मी दिला आहे, आई म्हणून. फेटाळला, तर न्यायालयात जाईन. इराला यापुढे कुणासमोर उत्तर द्यायला उभं करणार नाही. काय विचारायचं ते मला विचारा.