स्वयंपाकघरातलं कॅलेंडर

ॲल्विन टॉरगर्सन एकतीस वर्षं अँकरेजला विमानांच्या वाटा आखतो आहे. कोणत्या बाजूने जायचं, किती इंधन भरायचं, हे वैमानिकाबरोबर जमिनीवरून आम्ही ठरवतो. आमच्या खोलीत घड्याळ एकच, ग्रिनिचच्या वेळेचं, इथल्याहून आठ तास पुढे. ॲल्विनच्या मनगटावरही तेच.

घरी मात्र त्याच्या बायकोचा, मार्लिसचा नियम होता: स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फक्त इथली वेळ. तो सवयीने ग्रिनिचची लिहायचा, ती खोडून खाली खरी लिहायची. दोन वर्षांपूर्वी मार्लिस गेली. त्या वेळी मुलगी सिग्रिडशी त्याचं काहीतरी बिनसलं आणि ती फ्रँकफर्टहून आलीच नाही.

आता ती येणार होती. "विमानतळाच्या दारात दिसला नाहीत, तर तशीच पुढे मैत्रिणीकडे फेअरबँक्सला जाईन," असं तिने बजावलं होतं.

त्या दिवशी इथले दुपारचे दोन वाजत आले होते. ॲल्विन खुशीत होता. "तीनला सुटतो, सॅमन माशाचं सूप करतो. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी उतरते पोरगी."

"रात्री नऊला फ्रँकफर्टचं विमान?" मी विचारलं. "कुठून काढलंत म्हातारबा?"

"कॅलेंडरवर लिहिलंय. एकवीस दहा."

"आणि निघते कधी?"

"तिथल्या दुपारी एक चाळीसला. चार हजार साडेसहाशे मैल, साडेनऊ तास..." तो थांबला. फ्रँकफर्ट आमच्या दहा तास पुढे. हा हिशेब तो झोपेतही करतो. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ती निघाली त्याच्या अर्धा तास आधीच इथे पोहोचत होती. एक दहाला.

"खोडलं नाही कुणी," तो हळूच म्हणाला.

"पळा! मी बघते इथलं."

पण हवेत त्याची तीन विमानं होती. प्रत्येकाचं इंधन, हवामान, पर्यायी विमानतळ, सगळं तोंडी सांगितल्याशिवाय आमच्यात खुर्ची सोडत नाहीत. त्याने एकही आकडा गाळला नाही. मग कोट न घेताच तो धावला.

त्याने नंतर सांगितलं, तो विमानतळावर पोहोचला तेव्हा दारातली गर्दी ओसरली होती. फेअरबँक्सच्या विमानाची घोषणा चालू होती. सिग्रिड बाकावर पाय पसरून बसली होती, मांडीवर अर्धं सँडविच.

"अग, तू... गेली नाहीस?"

"'एकवीस दहाला दारात उभा असेन,' असा मेसेज कोण पाठवतं, बाबा? वाचला तेव्हाच कळलं, आता तुम्हाला चूक सांगणारं कुणी नाही."

"मग तूच सांगायचंस ना!"

"रागात होते. विमानात बसल्यावर राग गेला, पण तोवर फोन बंद, आणि उतरले तेव्हा त्याची बॅटरी संपलेली. म्हटलं, बसू आठ तास."

पुढच्या रविवारी मी सूप प्यायला गेले. कॅलेंडरवर २१:१० वर एक आडवी रेघ होती आणि खाली नव्या अक्षरात लिहिलं होतं: दुपारी १:१०. दिवस उलटून गेला होता, तरी सिग्रिडने ते दुरुस्त केलं होतं.