पाठीवर चार किलो

राणी पुकळेनं दात घासायच्या ब्रशचा दांडा विळीवर धरून अर्धा कापला. उरलेला तुकडा तिनं काट्यावर ठेवला. कराडच्या भाड्याच्या खोलीत तिच्यासोबत राहणारी क्रांती चहा गाळता गाळता थांबली.

"राणे, ब्रशचं असून असून किती वजन असतंय?"

"अख्ख्याचं चौदा ग्रॅम. ह्याचं सात."

"आन् त्या सात ग्रॅमनं काय मोक्ष मिळणार हाय?"

"सकाळपास्नं असं सात-सात करून पाऊण किलो काढलंय मी."

क्रांतीनं खोलीत पसरलेलं सामान पाहिलं. फाटक्या तंबूच्या कापडाची राणीनं स्वतः शिवलेली सॅक. पातळ प्लास्टिकचा कागद. एक पांघरूण, मुठीत मावेल एवढं. टॉर्च, काडेपेटी, सुई-दोरा. बाजरीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तीळगुळाच्या वड्या. पातेलं नव्हतं. स्टोव्ह नव्हता. दुसरा कपड्यांचा जोड नव्हता.

"तीन दिवस एकाच कपड्यावर?"

"डोंगरात कोण बघणार हाय? गवं?"

सगळं भरून सॅक काट्याला टांगली. चार किलो शंभर. राणीनं चटणीची पुडी उघडली, दोन मुठी काढून क्रांतीच्या ताटात टाकल्या आणि परत टांगली. चार किलो.

राणी आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीची. पुकळ्यांच्या तीन पिढ्या मेंढरांमागं चालल्या. दिवाळी झाली की वाडा हलायचा. वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं, सगळा चालता संसार. तो पश्चिमेला निघायचा, जिकडं पाणी असेल तिकडं. राणी चालायला शिकली ती त्या रस्त्यावरच. दहावीनंतर ती कराडला आली, एका खानावळीत पोळ्या लाटायला लागली आणि तिथून मंडळात गेली.

मंडळ सुभेदार उदयसिंहांचं. माणूस कराडजवळच्या ऊसकरी गावचा. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून आला आणि घरी बसवेना म्हणून लोकांना डोंगर चालवायला लागला. पाचगणीच्या पायथ्यापासून शिराळ्याच्या जंगलापर्यंत त्यांनी जुन्या वाटा जोडून एकशे तीस किलोमीटरची एक वाट लावली होती. राखीव जंगलात पाय न घालता ती त्याच्या कडेकडेनं जायची. झाडी, कातळ, ओढे, परत झाडी. मंडळाची तुकडी ती आठ दिवसांत चालायची. पुढाऱ्याच्या पाठीवर अठरा किलो असायचे. राणी चार वर्षं त्या तुकड्यांची स्वयंपाकीण होती. जिथवर जीप जाई तिथवर भांडी जीपनं जात. पुढं राणीच्या डोक्यावर.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या बैठकीत ती उभी राहिली.

"मला एक तुकडी द्या."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. सुभेदार हसले नाहीत. ते हसले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"पुढाऱ्याला अठरा किलो न्यावं लागतं, पोरी. तुला झेपंल?"

"न्हाई झेपणार. आन् मला न्यायचंच न्हाई. चार किलो लय झालं."

"चार किलोत काय येतं? तो डोंगर हाय, आठवडी बाजार न्हाई."

"आवं सुभेदार, तुमच्या पुढाऱ्याच्या पिशवीत घडीची खुर्ची असती. मी चार वर्षं बघती. खुर्चीवर बसून त्यो पाय दुखत्यात म्हणतो."

आता बाकीचेही हसले. सुभेदारांचा चेहरा तेवढा कडक झाला.

"बोलणं वेगळं, चालणं वेगळं."

"मग चालून दावती. एकटी. तीन दिवसांत. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत शिराळ्याच्या नाक्यावर उभी ऱ्हाती. जमलं तर पुढची तुकडी माझी."

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर तुकडीचं नाव परत काढणार न्हाई."

मार्चचा एक शुक्रवार ठरला. आदल्या संध्याकाळी तिनं बापाला, नानासोला, फोन लावला. त्याचा वाडा तेव्हा कृष्णाकाठच्या रानात बसला होता. मागं मेंढरं ओरडत होती.

"पाणी किती घिऊ, आप्पा?"

नानासो हसला. "घाटमाथ्याला चाललीस न्हवं? आगं तिथं आभाळ फाटल्यागत पडतंय. पाण्याच्या मुलखात पाणी वाहून नेतं का कुणी येड्यागत?"

तिलाही ते पटलं. त्यांच्या वाडीत पश्चिम म्हणजे पाणी, हे पोर बोलायच्या आधी शिकतं. मंडळाच्या तुकड्या डिसेंबर-जानेवारीत निघायच्या, तेव्हा तिनं टाकी काठोकाठ भरलेली पाहिली होती. एक किलो पाणी म्हणजे एक किलो ओझं. तिनं अर्ध्या लिटरची एकच बाटली घेतली.

पहिला दिवस तिच्या मनासारखा गेला. उजाडता उजाडता क्रांतीनं तिला पायथ्याला स्कूटीवरून सोडलं, आणि राणी चढाला अशी लागली, जसं कुणी मागं लागलंय. चढाला भरभर चालायची, सपाटीला पळायची, उताराला काठी टेकत उड्या घ्यायची. पाठीवर काही आहे असं वाटतच नव्हतं. तुकडी जिथं पहिला मुक्काम करायची ते देऊळ तिनं दहाच्या आत मागं टाकलं. दुसऱ्या मुक्कामाच्या जागी तिनं चालता चालता भाकरी खाल्ली. झाडीत एकदा गव्यांचा कळप आडवा आला. ती झाडाला पाठ लावून उभी राहिली. म्होरक्यानं तिच्याकडं पाहिलं, फुरफुरला आणि गेला. संध्याकाळी एका वाडीच्या मारुतीच्या पारावर ती आडवी झाली तेव्हा पन्नास किलोमीटर झाले होते. तिनं सुभेदारांना निरोप धाडला: 'पन्नास. पाय दुखत न्हाईत.'

दुसऱ्या दिवशी वाट सड्यावर आली. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार, गुडघाभर वाळलेलं गवत आणि वर नुसतं ऊन. अकरा वाजता बाटली संपली. तिला काळजी नव्हती. पुढं तासाभरावर कातळात कोरलेलं टाकं होतं. जानेवारीत त्याच टाक्यातून तिनं चोवीस माणसांच्या भाताचं पाणी काढलं होतं.

टाक्याच्या तळाला वीतभर हिरवा गाळ होता. त्यात एक वानराचं पिल्लू मरून फुगलं होतं.

राणी काठावर उभी राहिली. तिचा विश्वास बसेना. ती पुढच्या झऱ्याकडं पळाली, अर्धा तास. झऱ्याच्या जागी काळा डाग होता. तिनं काठीनं उकरलं. माती कोरडी लागली.

तेव्हा तिला कळलं. इथं पाऊस पडतो, पण राहत नाही. सगळा खाली पळतो, तिच्या बापाच्या मेंढरांकडं, उसाकडं, धरणाकडं. आणि ती पूर्वेची पोरगी, हंडाभर पाण्यासाठी जन्म काढलेल्या बायांची लेक, इथं कोरडी हात हलवत आली होती. तिला स्वतःचाच राग आला, आणि त्या रागानं ती आणखी अर्धा तास चालली. मग जीभ टाळूला चिकटली. पायाखालचा कातळ हलल्यासारखा झाला. तिनं एक गुळगुळीत खडा तोंडात धरला. थुंकी सुटेना.

पुढचं पाणी पंधरा किलोमीटरवर होतं. तिथवर आपण पोचत नाही, हे तिला स्पष्ट कळत होतं.

वाटेवर शेण दिसलं. ओलं. ती गुडघ्यावर बसली. गव्याचं असेल तर माग जंगलात जाईल आणि त्यावर गेलो तर आपण तहानेनं मरू. तिनं काठीच्या टोकानं ते फोडलं. आत भाताच्या पेंढ्याच्या काड्या होत्या. गव्याला पेंढा कोण घालतंय? म्हैस होती. म्हैस होती म्हणजे दावण होती, आणि दावण होती म्हणजे पाणी होतं.

ती वाट सोडून दरीत उतरली.

खाली, चारशे मीटर खोल, गवळी धनगरांची सहा घरं होती. पहिल्याच अंगणात बनुबाई नावाची म्हातारी म्हशीला पाणी पाजत होती. राणीनं विचारलं नाही. म्हशीच्या घमेल्यातच तोंड घातलं.

"आगं आगं, ताक हाय की घरात," म्हातारी म्हणाली. मग तिला पिऊ दिलं. मग ताक दिलं, मीठ घालून, तांब्याभर. मग विचारलं, "कुठली गं तू?"

"आटपाडीची."

"मेंढकं व्हय? दुष्काळातली ना तुमी? आन् पाण्यासाठी माझ्या दारात?"

"वर टाकी आटल्यात, आज्जी. मला वाटलं, हितं लय पाऊस पडतोय."

बनुबाई दात नसलेल्या तोंडानं खूप हसली. "पडतोय की. चार महिनं घरात शिरतंय पाणी. फाल्गुन आला की आमीच घळीत उतरतो हंडं घिऊन. पाऊस पडतो म्हंजी पाणी ऱ्हातं, आसं कुणी सांगितलं तुला?"

"बापानं."

"बाप कवा आलता का चैतात वर?"

आला नव्हता. वाडा तोवर परतीला लागलेला असायचा.

म्हातारीनं तिला घळीतलं पाणी दाखवलं. दगडाच्या आड, बोटभर धार. कुणाला सांगितल्याशिवाय सापडली नसती. अशा आणखी दोन जागा तिनं खाणाखुणांसकट सांगितल्या: एक जांभळीच्या बुंध्याशी, एक पडक्या गोठ्यामागं. राणीनं बाटली भरली, आणि म्हातारीकडून तेलाची रिकामी दोन लिटरची बाटली मागून घेऊन तीही भरली.

"आता खालच्या सडकंनं जा," बनुबाई म्हणाली. "नातू गाडीवर सोडंल. चार कोसावर तुझी वाट परत लागती."

"न्हाई आज्जी. जिथनं सोडली तिथनंच धरणार."

"वर? परत? त्या टेकाडावर तुला कोण बघाय बसलंय?"

"कुणी न्हाई."

"मग?"

राणीनं सॅक पाठीवर टाकली. "म्हनूनच."

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "मेंढक्यांची जात. मेंढरागतच."

उतरणं, पिणं, चढणं, साडेचार तास गेले. राणी जिथं शेण फोडलं होतं तिथं येऊन उभी राहिली, त्याच काड्या पायाखाली पाहिल्या आणि चालू लागली. त्या संध्याकाळी तिला सत्तावीसच किलोमीटरचा निरोप धाडता आला. सुभेदारांचं उत्तर आलं: 'थांब. जीप पाठवतो.' तिनं फोन बंद केला.

तिसऱ्या दिवशी त्रेपन्न उरले होते. पाणी आता पाठीवर होतं, ओझं सहा किलोच्या वर गेलं होतं, आणि डाव्या टाचेचं कातडं बुटात राहिलं होतं. ती सुईनं फोड फोडायची, दोरा आत ठेवायची, पुढं निघायची. दुपारनंतर ती पळाली नाही. पळता येतच नव्हतं. पण बसलीही नाही. डोंगराच्या शेवटच्या धारेवर आली तेव्हा सूर्य समोर होता. खाली झाडीत नाक्याचं छप्पर दिसत होतं. सूर्य कोकणावर टेकला, लाल झाला, बुडाला. तिनं तो पूर्ण बुडेपर्यंत पाहिला. मग ती उतरली.

नाक्यावर सुभेदार, क्रांती आणि मंडळाची चार माणसं होती. कुणीतरी भात टाकला होता. ती झाडीतून बाहेर आली तेव्हा सगळे उठले. तिच्या ओठांवर रक्त सुकलं होतं.

सुभेदारांनी घड्याळ पाहिलं. मग आभाळ पाहिलं.

"उजेड हाय अजून," ते हळू म्हणाले. "मावळला म्हणायचा न्हाई."

"मावळला," राणी म्हणाली. "वीस मिनिटं झाली. मी वरनं बघितला."

क्रांतीनं तिचा दंड चिमटला. "गप की गं. ते देत्यात तर घे."

"कशाला घिऊ? हरली म्हंजी हरली." तिनं सॅक खाली टाकली. "सुभेदार, तुकडीचं नाव काढत न्हाई. पण स्वयंपाकाला आता दुसरी बघा. येत्या शुक्रवारी मी परत जाणार. मंडळासाठी न्हाई. माझी वाट अजून फिटली न्हाई."

"येत्या शनवारी आपली तुकडी हाय. अठरा माणसं. त्यांना कोण जेवाय घालणार?"

"ज्याच्या डोक्यावर कुकर मावतो त्यो."

सुभेदारांनी तिच्या टाचेकडं पाहिलं. "काल एवढा वेळ कुठं गेला तुझा?"

तिनं सांगितलं. टाकं, झरा, वानराचं पिल्लू. सुभेदारांच्या हातातला चहा तसाच राहिला. मंडळानं मार्चात तुकडी कधीच नेली नव्हती, यंदा पहिल्यांदाच नेणार होते. नकाशावर त्या टाक्यापुढं निळा ठिपका होता. तो सुभेदारांनी स्वतः काढला होता.

त्यांनी नकाशा तिच्यापुढं पसरला, पेन दिला. "घळीतलं पाणी कुठं ते मांड."

"मांडून कळणार न्हाई. दगडाच्या आड हाय. चालून दावाय लागंल."

"मग चल तुकडीबरोबर."

"स्वयंपाकाला?"

भाताचं झाकण खडखडत होतं.

"पुढं," सुभेदार म्हणाले. "अट तू हरलीस. ती हरलेलीच ऱ्हाणार. पण अठरा माणसं मी कोरड्या ठिपक्यावर न्यायची न्हाईत."

"मग सामान मी म्हणंल तेवढंच."

"ते मंडळाला विचारावं लागंल."

"विचारा. तवर मी जेवती."

शनिवारी पायथ्याला अठरा माणसं रांगेत उभी होती. राणीनं प्रत्येकाला आधी तीन-तीन लिटर पाणी मोजून दिलं, मग सगळ्यांच्या सॅका जमिनीवर उलट्या करायला लावल्या. लोक कुरकुरले. एकानं विचारलं, ही बाई कोण? ती कुणाला उत्तर न देता सुभेदारांच्या सॅकपाशी आली, तळात हात घातला आणि घडीची खुर्ची ओढून काढली.

"पाठ धरती माझी," सुभेदार म्हणाले.

"बसाय दगूड हायती," राणी म्हणाली, आणि खुर्ची जीपमध्ये फेकली.