कुंकवाशिवाय गेलेली होडी

आमच्या रेवदंड्यात नवी होडी पाण्यात लोटण्याआधी घरची थोरली सून तिला हळदकुंकू लावते. आमच्या घरात तो मान काकीचा. पण त्या दिवशी भर किनाऱ्यावर आजीने पूजेचं ताट काकीच्या हातातून काढून माझ्या आईच्या हातात दिलं. काकीची मुलं एकामागून एक पोटातच गेली होती.

"रिकाम्या ओटीचा हात होरीला नको," आजी म्हणाली.

सगळं गाव जमलेलं, पण कोणी ब्र काढला नाही. त्या गप्प तोंडांचा मला आजही संताप येतो.

बोलले ते फक्त काका. लढाई संपल्यावर ते पलटणीबरोबर जपानला गेले होते आणि देश स्वतंत्र झाला त्या सुमारास परतले. तिथलं कधी काही सांगत नसत.

"दोस तिचाच कशावरून?" ते आजीवर ओरडले. "एका बाँबनं जळलेल्या शहरात आमी राख उपसली. थितलाच पानी प्यालो. रस्ते होते, घरा नव्हती. दगडी पायरीवर मानसाची नुस्ती सावली उरलेली. हात लावू नका, पानी पिऊ नका, आमाला कोनी सांगितला न्हाय!"

अलिबागच्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं, मुलं त्यामुळे जातात का? असेलही, नसेलही, डॉक्टर म्हणाले. परतल्यावर तुम्हाला कोणी तपासलं का, त्यांनी उलट विचारलं. कोण तपासणार! बाँब टाकणारे मोकळे, राख उपसायला पाठवणारे मोकळे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आमच्या घरी ती काकीला. आणि पेपरात आणखी मोठ्या बाँबची बातमी आली की गावातली हीच गप्प माणसं चहा पीत त्या बाँबचं कौतुक करायची.

आईने ताट काकीपुढे धरलं. काकीने ते घेतलं नाही. ती काकांकडे वळली.

"थितं बाया हायत ना अजून?"

"हायत."

"न् त्यांची पोरा?"

काकांनी मूठभर वाळू उचलली आणि बोटांतून सोडून दिली.

"मंग त्यांच्या हातातून पन कोनीतरी ताट काढून घेत असल," काकी म्हणाली. "ठेव ते खाली."

आईने ताट वाळूवर ठेवलं. भरती उतरायला लागली होती, म्हणून गड्यांनी होडी तशीच, कुंकवाशिवाय, पाण्यात लोटली. गावात असं कधी झालं नव्हतं. झालं ते बरोबरच झालं.