वापरातली पेटी

२०२२ साल. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि मी एकोणसत्तरचा. कोणतीही वस्तू पुढं आली की मामा आधी तिच्या कडेवरून डाव्या हाताचा अंगठा फिरवायचे, मग बोलायचे. "वापर हाय," नाहीतर "वापर नाय." हारमोनियम असो, कुणाचा नवा मिक्सर असो, की मी शिवलेली मोटारसायकलची सीट असो. दोन शब्दांत निकाल.

गारखेड्यात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. माझं सीट कव्हरचं, त्यांचं पेटी दुरुस्तीचं. शाळांच्या, भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडं यायच्या. भात्याला लागणारं चामडं मी कापून द्यायचो. चोवीस वर्षं दिलं. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही इथं तेच लिहितो.

माझी नात वैष्णवी शाळा सुटली की घरी न जाता त्यांच्या दुकानात बसायची. दुरुस्त झालेली पेटी गात गात वाजवून बघायचं काम तिचं. एकदा म्हणाली, "मामाआबा, ही पट्टी नाक चोंदल्यावाणी बोलतीय." मामांनी पट्टी काढली तर खाली सुराच्या पितळी पातीत कचरा अडकलेला. माझ्याकडं बघून म्हणाले, "सीटवाले, तुमच्या घरात ही कुठून आली ओ?" मी छाती फुगवली. जणू मीच गात होतो.

तिची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला कुठं घालायचं, हा प्रश्न आला. मुलगा शेंद्र्याला कंपनीत. रात्रपाळी करून आलेला, डोळे मिटूनच म्हणाला, "अण्णा, तुमीच बघा." पोरीचं मागणं एकच, "जिथं गाणं शिकवतात तिथं." मी उन्हात फिरून शाळा शोधली. मोठ्या रस्त्यावरची, काचेच्या दाराची, टायच्या गणवेशाची. माहितीपुस्तकात संगीताच्या हॉलचा रंगीत फोटो. नाव घालून आलो आणि ते पुस्तक मामांच्या मांडीवर ठेवलं.

मामांनी फोटोवरून अंगठा फिरवला. "वापर नाय."

"फोटोवर कसला वापर दिसंल मामा?"

"त्या शाळेची पेटी माझ्याकडं बारा वर्षांत एकदाच आली. उंदरानं भाता खाल्ला म्हणून. पट्ट्या कोऱ्या करकरीत. आन ही बघा." त्यांनी शेल्फवरची जुनी पेटी खाली घेतली. पांढऱ्या पट्ट्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. "ही नाल्यापलीकडच्या पत्र्याच्या शाळेची. दर उन्हाळ्यात येती. पोरं वाजवून वाजवून मोडत्यात हिला. तिथं घाला पोरीला."

पत्र्याची शाळा! मी स्वतः पत्र्याखाली शिकलो होतो. शिकलो कसला, चौथीपर्यंत भाजलो. "माझी नात पत्र्याखाली बसणार नाय," मी म्हणालो.

"अहो, मी छप्पर नाय सांगत, पेटी सांगतोय."

"तुमी पेट्या सांभाळा. शाळेचं मला कळतं."

"व्हय. चौथीपर्यंतचं कळतं."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती हसली. झालं. त्या दिवसापासून मी मामांशी बोललो नाही.

असे दोन म्हातारे तुमच्याही गल्लीत असतील. आमचं बोलणं चहावाल्याच्या तोंडून चालायचं. "त्यांना सांग, त्यांचा चहा निवतोय." "त्यांना सांग, तो त्यांचाच हाय, माझा पिऊन झाला." चामडं मात्र मी कापून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवायचो. ते गुमान उचलायचे.

वैष्णवी काचेच्या शाळेत जाऊ लागली. सकाळी बस, संध्याकाळी शिकवणी. मामांच्या दुकानात जाणं तुटलं. मी अडवलं नव्हतं, पण जा असंही म्हणालो नाही. घरात तिचं गुणगुणणं कधी थांबलं, ते मला नक्की सांगता येत नाही. एकदा विचारलं, "गाणं शिकवतात ना गं?" ती दप्तर भरत म्हणाली, "शुक्रवारी तास असतो आजोबा. त्या तासाला गणित घेतात." पुढं विचारायची भीती वाटली.

फेब्रुवारीत शाळेचं स्नेहसंमेलन झालं. कोट घालून गेलो. वैष्णवी दुसऱ्या रांगेत उभी राहून नुसतं तोंड हलवत होती. गाणं स्पीकरमधून येत होतं. कार्यक्रम संपल्यावर तिला शोधत स्टेजमागं गेलो, तर कपाटावर पेटी दिसली. वर जुने बॅनर, फुगे, पताका. मी स्टुलावर चढलो. अंगठा कधी फिरला, माझं मलाच कळलं नाही. पाच बोटांनी पुसली तरी निघणार नाही एवढी धूळ.

घरी येऊन कुणाला बोललो नाही. मामांना तर नाहीच. शेजारी त्यांची हातोडी ठक ठक वाजायची आणि मी सीट शिवत बसायचो. रोज वाटायचं, उद्या बोलू. माणूस म्हातारा झाला तरी ताठा काही म्हातारा होत नाही. आता हे लिहितानाही दमायला होतं.

जून लागला आणि मामांचं शटर चार दिवस उघडलं नाही. चहावाला म्हणाला, दवाखान्यात आहेत. वैष्णवीला घेऊन गेलो. वाटेत एक वाक्य जुळवत होतो. तिथं गेल्यावर पंख्याबद्दल आणि उकाड्याबद्दल बोललो.

मामा निम्मे झाले होते. त्यांनी पोरीचा हात हातात घेतला, बोटांवरून अंगठा फिरवला. बोटं बॉलपेननं निळी झालेली. "पेनाचा वापर लई हाय," म्हणाले आणि हसले. ती रडायला लागली.

मग माझ्याकडं वळले. वर्षात पहिल्यांदा. "सीटवाले, पत्र्याच्या शाळेची पेटी शेल्फवर हाय. भाता तेवढा राहिलाय. शाळा उघडायच्या आत पोचली पायजे."

एवढंच. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी भांडलो असतो, आणि मला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी मामा गेले.

दहावा झाल्यावर त्यांचा भाचा दुकान खाली करायला आला. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होत्या. "काका, यातलं काय पायजे का?" त्यानं विचारलं. मी पत्र्याच्या शाळेची पेटी मागितली आणि शेजारची पत्र्याची डबी. डबीत त्याच पेटीच्या, मामांनी काढून टाकलेल्या जुन्या पट्ट्या होत्या. एक हातात घेतली. खोलगट जागेत माझा अंगठा बरोबर बसला.

पेटी माझ्या दुकानात आणली. चामडं कापलं, मामा लावायचे तसं भात्याला चिकटवलं. वैष्णवीनं भाता हलवून बघितला. "आजोबा, डावीकडून वारा जातोय." उचकटलं, पुन्हा लावलं. मग ती वाजवायला बसली. बोटं अडखळत होती. एका ओळीत तीनदा थांबली. चौथ्यांदा हळूच गुणगुणली.

मामांना जे म्हणायचं राहिलं होतं ते मी तिला म्हणालो. "माझं चुकलं बाई."

"तेवढी कड दाबून धरा आजोबा," ती म्हणाली. "चिकटली नाही अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी रिक्षात ठेवली, पोरीला शेजारी बसवलं आणि घंटा व्हायच्या आत नाल्यापलीकडं गेलो. पत्रा आत्ताच तापायला लागला होता. शाळेच्या बाईंनी पेटीचं झाकण उघडून नव्या पट्ट्या बघितल्या, रिक्षाकडं बघितलं, म्हणाल्या, "मामा नाही आले?"

मी मान हलवली. मग विचारलं, "नववीत जागा आहे का? दाखला काढून आणतो. ही गाते."

"आहे की. पण आमच्या शाळेचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मामांनीच," मी म्हणालो. "वर्ष झालं सांगून."