मागच्या सीटवर पप्पा, वर पाऊस

माझ्या पप्पांनी पंचवीस वर्षं मोटरसायकल चालवली आणि त्या पंचवीस वर्षांत ते एकदाही मागच्या सीटवर बसले नाहीत. पहिल्यांदा बसले तो गुरुवार होता, धो धो पाऊस होता आणि पुढे हँडलवर मी होते.

त्याचं असं झालं. आम्ही राहतो कोल्हापुरात, कळंब्यात आणि मला नोकरी लागली इचलकरंजीजवळ कबनूरला, एका यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात. कापडाची डिझाइन्स कॉम्प्युटरवर काढायची. जायला दोन एस्ट्या, आणि पावसाळ्यात त्या दोघींची भेट काही होत नाही. पप्पांची मोटरसायकल मात्र कार घेतल्यापासून जिन्याखाली नुसती उभी होती. मी दोन आठवडे मनातल्या मनात वाक्य घोटलं आणि एका संध्याकाळी विचारून टाकलं, "पप्पा, मी गाडी घेऊन जाऊ का कामाला?"

"लायसन हाय?"

"आहे की. टेस्टला तुम्हीच नेलं होतं."

"ते उन्हाळ्यातलं लायसन!" पप्पा म्हणाले. "पावसात चालवून दाव. मला मागं बसवून कबनूरला ने आणि परत आण. न घसरता आणलीस तर गाडी तुझी. घसरलीस तर एस्टी. विषय संपला."

"आवं, पाऊस तरी कमी होऊ दे की," मम्मी आतून म्हणाली.

"कमी झाला तर परीक्षा कसली मग?"

मी इंग्लिश मीडियमची. परीक्षा म्हटलं की मी नोट्स काढते. पावसात गाडी कशी चालवावी यावर मी सतरा व्हिडिओ बघितले. त्यांत खूप खिसे असलेली जाकिटं घातलेले गोरे लोक रिकाम्या रस्त्यावर उभं राहून शांतपणे सगळं समजावतात. तीन रंगांच्या पेनांनी मी ते सगळं लिहून काढलं. (सतरापैकी एकाही व्हिडिओत म्हैस नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.)

खरं शिकवलं ते कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या रफिकचाचांनी. त्यांनी टायर बदलले, ब्रेक नीट केले, चेनला तेल दिलं आणि पाना हातात धरूनच वर्ग घेतला.

"बेटा, पावसात ब्रेक दाबायचा न्हाय, ब्रेकला विनंती करायची. पुढचा-मागचा दोन्ही, हळूहळू. पांढऱ्या पट्ट्यावर तर ब्रेकचं नावच काढू नको. पाणी साचलेलं दिसलं की खाली खड्डा हाय असंच धरून चाल. आणि पायात ग्रिपचा बूट घाल. शेवटी थांबल्यावर गाडी तुझ्या पायावरच उभी ऱ्हाती."

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. मी रेनकोटात, पप्पा रेनकोटात. शिवाय पप्पांच्या पायात नवी कोरी कोल्हापुरी चप्पल!

"पप्पा, भिजेल ती."

"तुझ्या मालकांना भेटायचंय. प्लॅस्टिकची चप्पल घालून जाऊ व्हय? लोक काय म्हणतील, पावणं कोल्हापूरचं हाईत आणि पायात हे?"

मागच्या सीटवर बसलेला माणूस निष्क्रिय असतो, असा माझा गैरसमज होता. पप्पा मागे बसून संपूर्ण गाडी चालवत होते! मी ब्रेकला विनंती करायच्या आधीच त्यांचा उजवा पाय खाली काहीतरी दाबायचा. मी डावीकडे वळले की ते उजवीकडे कलायचे. ओळखीचं कुणी दिसलं की हात वर करून, "काय पावणं, बरं हाय न्हवं?" पप्पांना शहरात निम्मे लोक ओळखतात आणि उरलेल्या निम्म्यांना पप्पा ओळखतात. मागच्या रिक्षावाल्यांना वाटायचं, आम्ही वळतोय. ते थांबायचे. आम्ही सरळ जायचो. मग त्यांनी आम्हाला काय म्हटलं, ते हेल्मेटमुळे मला ऐकू आलं नाही, पण पप्पांनी प्रत्येकाला उत्तर दिलं.

पुढे म्हशी आल्या. आठ-दहा तरी असतील, रस्ताभर, अगदी निवांत. मी थांबले. मला हॉर्न वाजवायला लाज वाटते. कुणाच्या पाठीमागे उभं राहून एकदम ओरडल्यासारखं वाटतं ते.

"आगं दाब की हॉर्न!"

"जातील त्या, पप्पा."

"कुठं जात्यात? त्यांची काय कबनूरला नोकरी हाय? का इंग्रजीत एक्स्क्यूज मी म्हणणार हाईस?"

(मी हेल्मेटच्या आत तेच म्हटलं होतं. एका म्हशीने वळून बघितलं, पण सरकली नाही.) शेवटी पप्पांनी मागून असा आवाज काढला की म्हशी सरकल्या, बाजूच्या दुकानाचं शटर वर गेलं आणि मालकाने डोकं बाहेर काढून विचारलं, "काय झालं?"

सांगली रोडला लागल्यावर पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवायचा नियम सुरू झाला. मी ट्रकच्या मागे अंतर ठेवलं. त्या अंतरात एक टेम्पो आला. मी टेम्पोपासून अंतर ठेवलं. त्यात एक जीप आली. मी पुन्हा अंतर ठेवलं. असं सुरक्षित अंतर ठेवत ठेवत मी बहुतेक मागे मागेच जात होते. मग रेनकोट घातलेली एक शाळकरी मुलगी सायकलवरून आम्हाला ओलांडून गेली आणि जाताना तिने घंटीसुद्धा वाजवली.

"सायकलनं मागं टाकलं!" पप्पा कळवळले. "माझ्या गाडीला! मी काय पाप केलतो?"

तेवढ्यात पुढचा मोटरसायकलवाला पांढऱ्या पट्ट्यांवर पोचला, त्याने करकचून ब्रेक मारला आणि गाडीसकट सर्रकन आडवा झाला. माझ्या हातांना चाचांचा वर्ग आठवला. दोन्ही ब्रेक, हळूहळू, हँडल सरळ. आमची गाडी त्याच्यापासून चांगली दहा पावलं आधी उभी राहिली, काठी रोवल्यासारखी. गडी उठला, कोपर झटकलं, गाडी सुरू करून निघूनही गेला.

मागून काहीच आवाज येईना. मला वाटलं, पप्पा पडले!

"पप्पा?"

"हाय, हाय," ते म्हणाले. मग, "रफिकनं शिकवलं व्हय?"

"हो."

"बरं शिकवलंय."

पप्पांच्या तोंडून "बरं" म्हणजे सुवर्णपदक! पुढे त्यांनी पायही दाबला नाही आणि हातही वर केला नाही. मला वाटलं, गाडी मिळाली.

कबनूर जवळ आल्यावर आम्ही एका टपरीवर चहा घेतला. तिथे पप्पांनी रेनकोटाच्या आतून दुधाच्या चार रिकाम्या पिशव्या काढल्या. आमच्या घरात दुधाची पिशवी कुणी टाकत नाही. मम्मी ती धुते, वाळवते आणि घडी घालून ठेवते. त्या गठ्ठ्यातून आता मोठ्या पिशव्या बाहेर आल्या होत्या.

"तुझ्या मम्मीनं दिल्यात. दोन तुला, दोन मला. मालकांच्या दारात चिखलाच्या पायानं जायचं न्हाय. घाल बुटावर."

मला चाचांचं वाक्य लख्ख आठवत होतं. ग्रिप. पाय. पण टपरीवर सहा माणसं बघत होती आणि सहा माणसांसमोर पप्पांशी वाद घालायचा म्हणजे सहा माणसांनी माझा आवाज ऐकायचा! त्यापेक्षा मी गुपचूप पिशव्या चढवल्या आणि वर रबरबँड लावले. गाडी निघताच पप्पांच्या पिशव्यांत वारा शिरला आणि त्या दोन्ही बाजूंना टम्म फुगल्या.

कारखान्याचं गेट आलं. गेटपाशी मालक स्वतः छत्री घेऊन उभे, शेजारी वॉचमनमामा, आणि चहाच्या सुट्टीत बाहेर आलेले पंधरा-वीस कामगार. मी इंडिकेटर दिला. वेग कमी केला. दोन्ही ब्रेकना विनंती केली. गाडी मालकांसमोर अलगद थांबली. नोट्समध्ये लिहिलं होतं अगदी तस्सं! आणि मी ऐटीत डावा पाय खाली टेकला.

पिशवी निघाली इचलकरंजीच्या दिशेला, पाठोपाठ माझा पाय. सावरायला पप्पांनी आपला पाय टाकला. तो सांगलीच्या दिशेला गेला. गाडी इतकी सावकाश आडवी झाली की खाली पोचेपर्यंत मला तीनदा "सॉरी" म्हणता आलं.

"लागलं का?" मालक धावत आले.

मी चिखलात आडवी होते. एक पाय गाडीखाली. अशा वेळी काय बोलावं, हे शाळेत शिकवलेलं नव्हतं. जे शिकवलं होतं तेच तोंडातून आलं. "गुड मॉर्निंग, सर. माझं जॉइनिंग सोमवारी आहे."

वॉचमनमामांनी आधी गाडी उचलली, मग मला, मग पप्पांना. कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं.

"गाडी कोण चालवत होतं?" मालकांनी विचारलं.

घसरलीस तर एस्टी. वीसेक साक्षीदार होते. मी मनात एस्टीचं वेळापत्रक आठवायला लागले.

"पोरगीच चालवत हुती," पप्पा हनुवटीवरचा चिखल पुसत म्हणाले, "आणि झ्याक चालवली. कळंब्यापासनं हितपर्यंत एकदा घसरली न्हाय."

"मग हे काय झालं?"

"हे व्हय? चालती गाडी पडली तर घसरली म्हणायचं. उभी गाडी आडवी झाली, त्याला इश्रांती म्हणत्यात!"

मालक हसले, कामगार हसले. मीही हसले, पण हेल्मेटच्या आत.

पप्पांनी मम्मीला फोन करून सगळी हकिकत सांगितली. पलीकडून पहिला प्रश्न आला, "पिशव्या फाटल्या न्हाईत न्हवं?"

निघताना मी किल्ली पप्पांसमोर धरली. त्यांनी ती घेतली नाही. "तूच चालव. मागं बरं वाटतंय. डोळं मिटता येत्यात."

आता मी रोज गाडीने जाते, ग्रिपचे बूट घालून. दोन पावसाळे झाले, एकदाही पडलेले नाही. तरी मी गेटकडे वळले की वॉचमनमामा हातातलं काम टाकून धावत येतात, दोन्ही हातांनी हँडल धरतात आणि आत ओरडतात, "सरका, सरका, मॅडम थांबत्यात!" कडक उन्हातसुद्धा. मामा, आता गरज नाही, असं त्यांना सांगायचं मी कधीचं ठरवलं आहे. परवा गाडी दुरुस्तीला होती म्हणून मी एस्टीने गेले आणि स्टॉपपासून चालत आले.

तरी मामा दोन्ही हात पसरून धावत आले!