रिॲक्टरची तोंडी परीक्षा, वऱ्हाडीत

दोस्तहो, मी जळगाव जामोदची, केमिकल इंजिनिअरिंग शिकते. आज रिॲक्टर डिझाइनची तोंडी परीक्षा होती.

बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "रिॲक्टर थंड करणारं पाणी बंद पडलं तर?"

घाईत तोंडातून निघालं, "सर, आतली गरमी बाहेर निंगत नाही. गरमीनं रिॲक्शन अजून जोरात होते, तिनं अजून गरमी वाढते. थांबवलं नाही तं रिॲक्टर फुटते."

सर हसले. "इंजिनिअर असं बोलतात का?"

मले रागच आला. "सर, उत्तर चुकलं काय?"

"नाही, बरोबर आहे."

"मंग पुढचं विचारा."

बाकीची उत्तरंही वऱ्हाडीतच देली. पास झाली मी.

उद्या कारखान्यात रिॲक्टर तापलं, तं आपल्या इकडच्या कामगाराईले मी याच बोलीत सांगीन. तवा कोन हसन, सांगा बरं?